यंत्र चोख, पण कौल विस्कळीत

३० ऑक्टोबर २०२२ रोजी ब्राझीलमध्ये मतदान संपले आणि त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष कोण हे ठरले. लूला यांना ५०.९ टक्के, बोल्सोनारो यांना ४९.१ टक्के. मतदारसंख्या साडेपंधरा कोटींच्या घरात, फरक अवघा एकवीस लाखांचा! १९९६ पासून तेथे मतदानयंत्रे आहेत, मतदान सक्तीचे आहे आणि राष्ट्राध्यक्ष, संसद, राज्यपाल व राज्य विधिमंडळे यांची निवडणूक एकाच दिवशी होते. ‘एक देश, एक निवडणूक’ अशक्य म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पराभूतांनी यंत्रावर खापर फोडले. आपल्याकडे हा उद्योग पुरोगामी मंडळी करतात, तिकडे तो उजव्यांनी केला. ८ जानेवारी २०२३ रोजी जमावाने संसद, सर्वोच्च न्यायालय आणि राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय यांत घुसून धुडगूस घातला. त्याचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र कागदी पावतीची मागणी गैर नव्हती. २०२१ मध्ये त्यासाठीच्या घटनादुरुस्तीला ३०८ मते हवी होती, मिळाली २२९. आपण ती सोय केव्हाच केली.

खरे दुखणे यंत्रात नाहीच, ते मतांचे जागांत रूपांतर करण्याच्या पद्धतीत आहे. कनिष्ठ सभागृहाच्या ५१३ जागा प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने भरल्या जातात आणि अख्खे राज्य हाच एक मतदारसंघ असतो. साओ पावलोतून ७० खासदार! मत व्यक्तीला दिले तरी ते पक्षाच्या खात्यात जमा होते. २००२ मध्ये एनेआस कार्नेरो या हृदयरोगतज्ज्ञाला तेथे पंधरा लाखांहून अधिक मते पडली आणि त्या पुण्याईवर त्यांच्या पक्षाचे आणखी पाच जण संसदेत पोहोचले. त्यांतील एकाला स्वतःची तीनशे मतेही नव्हती. २०१० मध्ये तिरिरिका नावाचा विदूषक (हो, सर्कशीतलाच) तेरा लाखांवर मते घेऊन निवडून आला. पुढे नियम काहीसे कडक झाले, पण पक्षांची खिचडी कायम राहिली. २०२२ मध्ये लूला जिंकले, पण त्यांच्या आघाडीला मिळाल्या जेमतेम ऐंशी जागा, तर बोल्सोनारोंच्या पक्षाला ९९.

अशा संसदेत बहुमत जमवायचे कसे? २००५ मध्ये, लूलांच्याच पहिल्या कारकिर्दीत, मित्रपक्षांच्या खासदारांना पैसे पोहोचवल्याचे प्रकरण उघडकीस आले. लोकांनी त्याला ‘मेन्सालाँव’, म्हणजे बडा मासिक हप्ता, असे नाव दिले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लूलांच्या निकटवर्तीयांनाही दोषी ठरवले.

आपल्याकडील डावे पक्ष वर्षानुवर्षे हीच प्रमाणशीर पद्धत मागत आले आहेत. २०१४ मध्ये भाजपला ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या, तेव्हापासून तर त्या मागणीला अधिकच धार चढली. त्यांना एकच विचारावेसे वाटते : साओ पावलोतील सामान्य माणसाने आपले गाऱ्हाणे घेऊन त्या सत्तरांपैकी नेमक्या कोणाच्या दारात उभे राहायचे?