कान पोरांचे, गोंगाट गावाचा

गंगाखेडात शांतता हवी असेल तर कानात काहीतरी कोंबून घ्यावं लागतं. पोरं इअरफोन कोंबतात आणि मोठी माणसं त्यावरून त्यांना झोडपतात. मी इथं अभ्यासिका चालवतो. तलाठी, पोलीस भरती, एमपीएससी, जी जाहिरात निघेल तिचा फॉर्म भरणारी पोरं-पोरी सकाळी येतात आणि दिवे घालवेपर्यंत बसतात. त्यांचे पालक मधूनच डोकावतात आणि ठरलेलं वाक्य टाकतात, "सर, ते कानातलं काढायला लावा. बहिरा होईल एखाद्या दिवशी."

होईल की. पण कानातलं काढून त्यानं ऐकायचं काय? हंगामात कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर, ज्यांवर उसापेक्षा स्पीकरचा थाट मोठा? स्टँडसमोरचे प्रेशर हॉर्न? लग्नसराई, जयंत्या, मिरवणुका, वाढदिवस, निकालाचा गुलाल? झेंड्यांचे रंग वेगळे, स्पीकरच्या भिंती मात्र त्याच. या कल्लोळात त्या पोराला शिकवणीचा मास्तर ऐकायचा असतो. तो मास्तर पुण्यात बसून मोबाइलमधून दीडपट वेगानं अंकगणित सांगतोय. इअरफोन फूटपाथवरचा, कानात सैल बसणारा. बाहेरचा आवाज चढला की पोरगा आतला चढवतो. फोनवर धोक्याची सूचना येते, ती तो न वाचता पुसतो. ही चैन नाही. स्वतःपुरतं दार लावून घेणं आहे ते, फक्त हे दार कान फोडून लागतं.

डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो, म्हणून तो कुणाला कळत नाही आणि कुणाला भीतीही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ साली मिळून मर्यादा घालून दिली: मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९० वर आठवड्याला ४ तास आणि १०० वर २० मिनिटं. आठवड्याला २० मिनिटं, दिवसाला नव्हे. फोन पूर्ण आवाजावर नेला की शंभरी सहज गाठतो. माझ्याकडचा पोरगा सकाळचा चहा संपायच्या आत आठवड्याचा कोटा उडवून बसलेला असतो.

सरकार गप्प आहे असं म्हणू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना पत्र धाडलं: हेडफोनचा आवाज ५० डेसिबलच्या आत ठेवा, दिवसात दोन तासांपेक्षा जास्त वापरू नका. आता ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम काढा. त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मुभा आहे, बाजारपेठेला ६५ ची. म्हणजे कायदा तंतोतंत पाळणाऱ्या गावातसुद्धा रस्ता कानातल्या आवाजापेक्षा मोठा असणार. आणि आपण तो नियम किती पाळतो, ते वरातीत नाचणाऱ्या कुठल्याही माजी नगरसेवकाला विचारा. साधं बोलणंच साठाच्या आसपास असतं. पत्र लिहिणाऱ्याचं दालन बहुधा फार शांत असावं.

आता कानात घडतं काय ते. कानाच्या आतल्या, शंखाच्या आकाराच्या इवल्या पोकळीत जन्मतः आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. जोराच्या आवाजानंतर कानाला दडे बसतात, सगळं कापसातून आल्यासारखं ऐकू येतं, आणि सकाळी मोकळं वाटतं. वाऱ्यानं आडवी झालेली ज्वारी पुन्हा उभी राहते तसंच ते. पण ताट मोडलं की मोडलं. या मोकळं वाटण्यानंच सगळ्यांना फसवलंय. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची श्रवणचाचणी जवळजवळ पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जोड काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे गेले होते.

म्हणून एखादा पोरगा येऊन सांगतो, "सर, कानात शिट्टी वाजायली. फॅन बंद केला तरी बंद होईना," तेव्हा मी हसत नाही. हसायला बाकीचं गाव आहे. घरी आजी लसूण घालून तेल कडवते आणि कानात सोडते. तेल पडद्यापाशीच थांबतं. दुखणं पडद्यापलीकडे, हाडाच्या आत. मग परभणी नाहीतर नांदेड गाठून चाचणी होते, ती साधारण ८,००० हर्ट्झपर्यंतच बघते, आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. नॉर्मल म्हटल्यावर घरचे म्हणतात, अभ्यास नको म्हणून नाटक करायलाय. नाटक नाही बाबांनो. कानाकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू स्वतःचा आवाज वाढवतो आणि त्या वाढीव आवाजात स्वतःचीच किरकिर ऐकू येते. हा कर्णनाद सुश्रुतसंहितेतल्या कर्णरोगांमध्येसुद्धा आहे; त्या काळी ब्लूटूथ नव्हतं, एवढाच फरक. बरं करणारी गोळी अजून निघालेली नाही. समुपदेशन, मंद पार्श्वध्वनी, गरज असेल तर श्रवणयंत्र, यांनी त्रास सुसह्य होतो. एक गोष्ट मात्र कुणी पुढं ढकलू नये: एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. तिथं दिवस गेले की उपचार हुकतो. गायिका अलका याज्ञिक यांनी २०२४ च्या जूनमध्ये स्वतःचं ऐकणं अचानक गेल्याचं सांगितलं. कारण विषाणूचं होतं, तरी मोठ्या आवाजाबद्दल आणि हेडफोनबद्दल इशारा देऊन गेल्या. आपण ती बातमी स्पीकरवर ऐकली.

पालकांचं ढोंग मला जास्त चावतं. मागे असंच कानातल्याबद्दल बोलून गेलेले एक गृहस्थ आठवड्याभरात घरच्या वरातीत भेटले. गोदाकाठच्या, संत जनाबाईच्या या गावात, तिच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवरसुद्धा छाती हादरेल असा बास. कडेवरचं लेकरू कानांवर हात दाबून रडत होतं आणि आत्याबाई ते हात ओढून काढत होत्या, "नाच की रे!" डीजेच्या गाडीवरच्या पोराच्या कानात मात्र नारिंगी फोमचे बोळे. त्याला कळतं. त्याचं पोट त्यावर आहे, म्हणून त्याला कानाची किंमत कळते.

तेच बोळे मी आता अभ्यासिकेत ठेवतो. सेफ्टीचं सामान विकणाऱ्याकडे काही रुपयांत जोडी मिळते; पिळून आत घातली की वीस-पंचवीस डेसिबल तरी खाली येतात. बोळे घालून वाचायचं, व्हिडिओ बघायचा तर घट्ट बसणाऱ्या इअरफोननं आणि आवाज अर्ध्याच्या वर नाही, तासानं दहा मिनिटं कान उघडे. पोरं ऐकतात. त्यांना पटवणं सोपं आहे, कारण शिट्टी त्यांच्या डोक्यात वाजते.

बाकीच्यांसाठी माझ्याकडे एवढंच आहे: लग्नपत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" याच्या खाली "डीजे नाही" असं छापणारा वधूपिता या तालुक्यात निघाला, तर मी न बोलावता त्याच्या मांडवात आहेर घेऊन जाईन.