दिव्याची आरती, दिवा धरणारीची उपेक्षा

दरवर्षी १२ मे उजाडला की रुग्णालयांतून परिचारिकांना गुलाबाची फुले वाटली जातात, मेणबत्त्या पेटतात आणि एखादे मंत्रिमहोदय सेवा, त्याग व करुणा या तीन शब्दांवर भाषण करून निघून जातात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या हातातला दिवा आपल्या राज्यकर्त्यांना फार प्रिय आहे. तिचे आकडे मात्र त्यांना नकोत. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले, हे तिने १८५८ साली आकृत्या काढून ब्रिटिश सरकारसमोर मांडले. ती करुणेची मूर्ती होती, त्याहून अधिक सरकारला जाब विचारणारी स्त्री होती.

तो जाब आज कर्करोग झालेल्या मुलांच्या कक्षात उभे राहून विचारला पाहिजे. नुकतीच शिक्षण संपवून आलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी तेथे रात्रपाळीला असते. किमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ताप चढला, तर तासाभराचा उशीरही प्राणावर बेतू शकतो. व्हिन्क्रिस्टीन हे औषध शिरेतूनच द्यावयाचे. ते चुकून पाठीच्या कण्यातील द्रवात गेले तर मृत्यू जवळजवळ अटळ. हे सारे तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे. आणि मग तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा, सतरा वर्षांचा रुग्ण विचारतो, ‘सिस्टर, मी बरा होईन ना?’ त्याला रोगाचे नाव सांगू नका, असे आईवडिलांनी बजावलेले असते. काय उत्तर द्यावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते. पहाटे ती खाट रिकामी झाली, तर नवी चादर घालून ती पुढच्या रुग्णाचे कागद भरू लागते. तिच्या दुःखासाठी हजेरीपटात रकाना नाही.

हा केवळ हळव्या मनाचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. या दरीची कारणे अनेक आहेत : उशिरा होणारे निदान, औषधांचा तुटवडा, अर्ध्यावर सुटलेले उपचार. पण अनुभवी परिचारिका कक्षात टिकत नाही, हेही त्यांतलेच एक. जी हे काम शिकते तिला कंत्राटावर ठेवायचे, आणि तिचा हात बसला की ती परदेशी निघून गेली म्हणून गळा काढायचा, हा कोणता न्याय?

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने लहानातल्या लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला २० हजार रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि बहुतेक ठिकाणी शिफारस कागदावर राहिली. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा त्या रुग्णांना वेठीस धरतात, अशी ओरड झाली. तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे अध्यापन रुग्णालयांसाठीचे प्रमाण असताना एकीच्या गळ्यात अख्खा कक्ष बांधणारे रुग्णांना वेठीस धरीत नाहीत काय?

दोष आपलाही आहे. गिरणीतल्या कामगाराचा घाम आपल्याला दिसला. पण खाटेशेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या श्रमाला आपणही ‘सेवा’ म्हणून मोकळे झालो. सेवा म्हटले की वेतनाचा हिशेब संपतो, हे मालकवर्गाला पक्के ठाऊक आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात चार मागण्या लावून धराव्यात. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. मुलांच्या कर्करोग कक्षात नव्या परिचारिकेला अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली पुरेसा काळ काम शिकू द्या. पहिल्याच आठवड्यात तिला एकटीला रात्रपाळी देऊ नका. मृत्यूविषयी रुग्णाशी व नातेवाइकांशी कसे बोलावे, हे अभ्यासक्रमात शिकवा. आणि मूल दगावल्यानंतर तिला पाळीतच क्षणभर थांबण्याची, बोलण्याची सोय द्या.

यांत दयेची याचना कोठेही नाही. त्या सतरा वर्षांच्या मुलाला जगण्याचा हक्क आहे, आणि त्याच्या हक्काची राखण करणारीला माणसासारखे काम करण्याचा. हे दोन हक्क एकमेकांपासून तोडता येणार नाहीत. येत्या १२ मेला फुले नकोत. रिक्त पदांची यादी घेऊन मंत्र्यांच्या दारात जाऊ या.