काटा हलत नाही म्हणून

१९८३ साली मी बँकेत लागले, तेव्हा सगळा कारभार हाताने लिहायचा होता. सेव्हिंग्ज खात्यांची जाडजूड लेजरे असत आणि ठरावीक काळाने त्यांचे बॅलन्सिंग करावे लागे. लेजरांची बेरीज मुख्य वहीशी जुळली नाही, की कोणी घरी जायचे नाही असा दंडक होता. एकदा नव्वद पैशांच्या फरकासाठी आम्ही सात जण रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. आमच्या हेडक्लार्कांनी त्या रात्री मला एक युक्ती शिकवली. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कोणीतरी आकड्यांची अदलाबदल केली आहे असे समजावे. तसेच निघाले. कोणा एकाच्या खात्यावर दोन रुपये तीस पैशांचे तीन रुपये वीस पैसे झाले होते.

पस्तीस वर्षांच्या नोकरीने माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली. जमा आणि नावे नीट लिहिले, की हिशेब जुळतोच. जुळत नसेल तर कोणीतरी चुकले आहे, आणि ते कोण हे शोधलेच पाहिजे. या शिकवणीने मला कादंबऱ्या लिहितानाही फार त्रास दिला. पण सर्वांत जास्त त्रास दिला तो वजन कमी करताना.

निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांनी नेहमीच्या तपासणीत साखर सीमारेषेवर आली. डॉक्टरांनी चिठ्ठीच्या तळाशी औषधाच्या आधी तीन शब्द लिहिले : ‘वजन कमी करा.’ माझे वजन तेव्हा ७८ किलो होते. घरी येताना मी दोनशे पानी वही विकत घेतली. डावीकडे खाल्ले ते, उजवीकडे चालले ते. चहातली साखर गेली, फरसाण गेले, रात्रीचा भात गेला. सकाळी चार किलोमीटर चालणे सुरू झाले, पावसाळ्यात छत्री घेऊन. सणासुदीला शेजाऱ्यांकडून आलेला डबा मी तसाच ह्यांच्याकडे सरकवीत असे. आमचे हे जन्मभर वाटेल ते खाऊन सडपातळ राहिलेले गृहस्थ. ‘मी तुझा भार उचलतोय,’ असे म्हणत ते लाडू संपवीत.

सहा महिन्यांत दीड किलो उतरले. पुढच्या सहा महिन्यांत काहीच नाही. साडेशहात्तरवर काटा जो बसला, तो बँकेतल्या जुन्या शिपायासारखा. हाक मारली तरी उठायला तयार नाही. सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणाले दोनच वेळा जेवा, कोणी म्हणाले दर दोन तासांनी थोडे खा. कोणी तूप वाढवायला सांगितले, कोणी तोडायला. एका लग्नात मावसबहीण सगळ्यांदेखत म्हणाली, ‘एवढं चालतेस म्हणतेस, पण दिसत नाही गं कुठे!’ मी हसले. पण घरी येऊन वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासली. चूक कोणाची, हे शोधायचेच होते ना!

चूक पहिल्यांदा सापडली ती माझ्या गणितात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. माझ्या वयाची, माझ्या अंगलटीची बाई चार किलोमीटर चालली, तर दोनशेच्या आसपास कॅलरी जळतात. म्हणजे एक किलो उतरवायला अडतीस-चाळीस दिवस चालायचे, आणि तेही जादा एक घास न खाता. येताना कोपऱ्यावर एक वडापाव घेतला, की त्या दिवसाची कमाई व्याजासकट परत.

पण खरी गोम त्याच्याही पुढे आहे. शरीर म्हणजे लेजर नव्हे. लेजरातून रक्कम काढली, तर लेजर आपला खर्च कमी करीत नाही. शरीर करते. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धट्ट्याकट्ट्या तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. ते स्वखुशीने त्या प्रयोगात आले होते. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्शाने घटले. पण स्वस्थ बसलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती त्याहून अधिक, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटली. २०१६ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दूरचित्रवाणीवरच्या वजन घटविण्याच्या स्पर्धेतील १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते. आणि इतके होऊनही त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे पाचशे कॅलरी कमीच खर्च करीत होते.

हे वाचल्यावर मला आमची आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांची होते. वडिलांचा पगार तेवढाच आणि बाजारात ज्वारी मिळेना. आई काही बोलली नाही. तिने आमटी पातळ केली, भाकऱ्या लहान केल्या, कंदील लवकर मालवायला सुरुवात केली. पुढे दिवस पालटले तरी तिचा हात सैल झाला नाही. डब्याच्या तळाशी चार मुठी धान्य ती कायम राखून ठेवी. शरीर हे असेच आहे. आवक घटली की ते आपण होऊन काटकसर सुरू करते, भूक वाढवते आणि टंचाई संपली यावर लवकर विश्वास ठेवीत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो. खरे तर ते आपल्याला जगवण्याची जबाबदारी घेतलेल्या गृहिणीसारखे वागत असते.

हे शहाणपण मला आज सुचते आहे. त्या वेळी मात्र मी रागावले आणि चालणे सोडले. काटा हलत नाही, मग पहाटे उठायचे कशासाठी? आठ महिने मी सकाळी निवांत वर्तमानपत्र वाचले. खाण्यातही पथ्य ढिले झाले. गंमत म्हणजे आठ महिन्यांनी वजन केले, तर ७७. जेमतेम अर्ध्या किलोचा फरक! मला उगाचच जिंकल्यासारखे वाटले. चाललो काय, न चाललो काय, काट्याला काही पडलेले नाही.

पण रक्ताला पडले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी जी तपासणी असते, तिचा आकडा चालत असताना ५.९ होता, आता तो ६.४ झाला होता. साडेसहापासून मधुमेह धरतात. त्याच सुमारास भाचीबरोबर पर्वतीवर गेले. १०३ पायऱ्या, पूर्वी बोलत बोलत चढून जात असे. या वेळी तीनदा थांबले. काटा ज्या दोन काळांना एकसारखेच मानत होता, त्या दोन काळांत माझ्या शरीरात एवढे अंतर पडले होते. मी वर्षभर चुकीचा रकाना वाचत होते.

आणि हे मला आधीच कळायला हवे होते, कारण आईचे उदाहरण घरातच होते. आई ४१ किलोची, काडीसारखी. ‘हिला कसला डायबेटिस!’ असे सगळे म्हणत. मधुमेह जाड माणसांना होतो, ही समजूत घरातही होती आणि गावातल्या दवाखान्यातही. ती थकते म्हणून आम्ही तिला प्रेमाने शिरा करून घालीत होतो. अंगठ्याची जखम महिनाभर भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासले. पुढची चार वर्षे तिचा एक एक अवयव हिशेब मागत गेला. १९९८ साली ती गेली.

ज्या पुण्यात मी राहते, तिथेच या कोड्यावर मोठे काम झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आहे. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे स्नायूंच्या बाबतीत रोडकी. पण त्या मानाने त्यांच्या अंगावरची चरबी फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून लठ्ठ. माझी आई याच गटातली असणार, असे मला आता वाटते. तिला डोळ्यांनी जोखून आम्ही निर्धास्त राहिलो. मला डोळ्यांनी जोखून लोक नापास करीत होते. दोन्ही ठिकाणी तपासनीस एकच, आणि तो अडाणी.

एका बाईच्या रक्ताच्या अहवालावरून सिद्धान्त मांडू नये, हे मला समजते. म्हणून चेन्नईचा दाखला देते. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमारेषेवर असलेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा केला आणि निष्कर्ष २००६ मध्ये मांडले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला, त्यांच्यातील शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून चालणे आणि आहाराचे पथ्य नेटाने करून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ वर आले. आणि या दुसऱ्या गटाचे वजन? जवळजवळ होते तेवढेच. काटा हलला नाही, पण शंभरामागे सोळा माणसे वाचली. कल्पना करा, त्यांतल्या निम्म्यांनी माझ्यासारखे रागावून चालणे सोडले असते तर!

माझे म्हणणे एवढेच आहे. वजन हा कष्टांचा निकाल नव्हे आणि स्वभावाचा दाखला तर मुळीच नव्हे. ‘वजन कमी करा’ हा सल्ला अपुरा आहे, कारण ते माणसाच्या पूर्णपणे हातात नाही. चालणे हातात आहे. ताटातला भात कमी करून उसळ वाढवणे हातात आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर जे हातात आहे ते लिहावे. पाव्हण्यारावळ्यांनी लग्नकार्यात दुसऱ्याच्या अंगावर बोलणे थांबवावे. त्या एका वाक्याने कोणाचे वजन उतरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. चालायला निघालेली बाई घरी बसल्याचे मात्र मी आरशात पाहिले आहे.

याचा अर्थ वजनाला महत्त्व नाही असा कोणी घेऊ नये. गुडघ्यांना ते कळते, हृदयालाही कळते. ज्यांचे पाच-सात टक्के उतरते, त्यांना त्याचा फायदा निश्चित होतो. २०२५ पासून वजन घटविणारी नवी इंजेक्शने आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ज्यांना त्यांची खरोखर गरज आहे, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती जरूर घ्यावीत, आणि ती घेतात म्हणून आपण त्यांना ‘आयतेखाऊ’ म्हणू नये. रक्तदाबाच्या गोळीला आपण तसे म्हणत नाही. मात्र ती थांबवली, की घटलेले बरेचसे वजन परत येते. म्हणजे तिथेही तेच सिद्ध होते. हा प्रश्न इच्छाशक्तीचा कमी आणि शरीराच्या घट्ट धरून ठेवण्याच्या वृत्तीचा अधिक आहे.

मी पुन्हा चालू लागले त्याला आता दोन वर्षे झाली. वही बंद केली. शिवणाच्या डब्यातली मापाची टेप काढून महिन्यातून एकदा कंबर मोजते. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा मानतात. माझी अजून तिच्या बाहेरच आहे, पण पाच सेंटिमीटरने आत आली आहे. साखर पुन्हा सहावर उतरली. पर्वतीवर मध्ये एकदाच थांबते, आणि तेही भाचीच्या हट्टाखातर. वजन म्हणाल, तर शहात्तर.

बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नसे, ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकून आम्ही पुढच्या कामाला लागत असू. राहिलेले किलो मी तिथे टाकले आहेत. काटा मात्र वाया गेलेला नाही. रद्दीवाला येण्याआधी हे त्याच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवून वजन करून घेतात. त्या कामाला तो अगदी चोख आहे.