परंपरा कुणाची, पहारा कुणावर?

दोन महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयाच्या स्मरणिका समितीचे पत्र आले. संस्थेचा महोत्सव आहे, 'विद्यापीठीय विद्यार्थी जीवन आणि त्याच्या उज्ज्वल परंपरा' असा खास विभाग काढायचा आहे, त्यात 'विद्यार्थिनींच्या गोड आठवणी' म्हणून दोन पाने तुम्ही लिहून द्यावीत. त्या महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीवर मी बाहेरची सदस्य आहे, म्हणून माझे नाव सुचले असावे. नमुन्यादाखल सोबत मागची स्मरणिका जोडली होती. ती मी मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत वाचली.

वाचता वाचता हसू आले आणि मग संतापही आला. वसतिगृहाच्या भिंतीवरून उडी मारून रात्रीच्या खेळाला जाणारे विद्यार्थी, सरांच्या सायकलीची हवा सोडणारे, मेसमध्ये पैजा लावून जिलब्या खाणारे, मुलींच्या बाकांवर खडू फेकणारे! आणि यातला एक आज न्यायाधीश आहे, दुसरा आमदार, तिसरा साखर कारखान्याचा अध्यक्ष. मुली कुठे आहेत? तीन ठिकाणी सापडल्या. रांगोळीच्या फोटोत, स्वागतगीताच्या ओळीत आणि प्राचार्यांच्या मनोगतात. तिथे 'मुलींच्या वसतिगृहाची अनुकरणीय शिस्त' असे शब्द आहेत.

म्हणजे भिंत एकच. ती मुलाने ओलांडली की आठवण होते. मुलीने ओलांडली की तिच्या घरी पत्र जाते, आणि त्या पत्रानंतर पुष्कळदा तिचे शिक्षणच संपते. मला दोन गोड पाने लिहिता येईनात, म्हणून हा लेख आपल्या अंकासाठी लिहिते आहे.

आधी थोडा इतिहास. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८८३ पर्यंत त्याच्या परीक्षांचे दार बायकांना बंद होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले लोकमान्य टिळकांचे विद्यार्थी जीवन आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. कॉलेजचे एक वर्ष त्यांनी तालीम, कुस्ती आणि पोहण्यात घालवून शरीर कसे कमावले, हे ऐकवल्याशिवाय कुठल्याही पहिलवान मास्तरांचे भाषण पुरे होत नाही. ती १८७० च्या दशकातली गोष्ट. पुढच्याच दशकात त्याच कॉलेजात नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी शिकत होती, त्या कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी. वर्गाची दारे तिच्या तोंडावर लावली जात. ती मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, तेही पहिल्या वर्गात. विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या गुणांवर तिला मिळायला हवी होती. ती नाकारली गेली, कारण ती बाई होती. टिळकांची तालीम धड्यात आली. कॉर्नेलियाच्या तोंडावर लागलेले दार कुठल्या धड्यात आहे?

(याच काळात, १८८४ साली, पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. मुलींना इतके तास शाळेत बसवून इंग्रजी कशाला शिकवायचे, त्यांना घरकाम शिकू द्या, अशी टीका टिळकांच्याच 'मराठा' पत्रातून होत होती. हेही तालमीच्या गोष्टीशेजारी सांगत जावे.)

इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले आणि कॉर्नेलिया १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोचली. १८९२ मध्ये तिने तिथली कायद्याची परीक्षा दिली. अशी परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. पदवी मात्र मिळाली नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडावे लागले, आणि कॉर्नेलियाच्या हाती ती १९२२ मध्ये पडली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. केंब्रिजची कथा तर आणखी बोधप्रद. तिथल्या विद्यार्थ्यांच्या खोडकर परंपरांची किती कौतुके छापून आली आहेत! १८९७ साली बायकांना पदव्या द्याव्यात का यावर मतदान होते, तेव्हा याच खोडकरांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा सिनेट हाऊससमोर रस्त्यावर टांगला. ठराव पडल्यावर तो खाली ओढून फाडला आणि त्याचे अवशेष न्यूनम या मुलींच्या कॉलेजच्या फाटकातून आत कोंबले. १९२१ मध्ये पुन्हा ठराव पडला, तेव्हा विजयी पोरांनी न्यूनमचे फाटक हातगाडीने धडका देऊन मोडले. ठराव जिंकल्यावरसुद्धा मुलींच्या दारावर चालून जावेसे का वाटले असेल, याचा विचार आपण करायला हवा. पूर्ण पदव्या द्यायला केंब्रिजने १९४८ पर्यंत वेळ लावला. तोवर आपला देश स्वतंत्र झाला होता.

आपल्याकडच्या कॉलेजांत कुणी पुतळे टांगले नाहीत. आपल्याकडे फिशपॉन्ड आला.

आपल्यापैकी जी कॉलेजात गेली आहे तिला फिशपॉन्ड समजावून सांगायला नको. जुनी माणसे शेलापागोटे म्हणत. गॅदरिंगच्या आधी आठ दिवस एक खोके ठेवायचे, त्यात ज्याने त्याने निनावी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि गॅदरिंगच्या दिवशी त्या माईकवरून नाव घेऊन वाचायच्या. 'कुणी मनावर घ्यायचं नाही हं!' असे निवेदक सुरुवातीलाच सांगतो. मनावर घ्यायचे नाही ही अट ज्याच्यावर चिठ्ठी पडते त्याच्यासाठी. लिहिणाऱ्याने काय लिहू नये, याची अट कुठेच नसते.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीवर सहा फिशपॉन्ड पडले. सहाही तिच्या काळ्या रंगावर. सभागृह हसले, पुढच्या रांगेतले प्राध्यापक हसले, ती स्वतः हसली, आणि खरे सांगायचे तर मीही हसले. पुढच्या सत्रात तिने एन.सी.सी. सोडली. परेडला सगळ्यांसमोर उभे राहावे लागते, एवढेच कारण तिने मला सांगितले. त्या कॉलेजच्या स्मरणिकेत 'आमचे गाजलेले फिशपॉन्ड' असे सदर आहे. त्यात तिच्यावरचा एक आहे!

मागल्या वर्षी एका जागृती बैठकीत मी सुचवले की हा प्रकार आता थांबवावा, निदान निनावी चिठ्ठ्या तरी बंद कराव्यात. (एखाद्या तक्रारीविषयी मी इथे लिहीत नाही. नियमाने लिहिता येत नाही आणि लिहूही नये.) तर काय ऐकायला मिळाले? 'मॅडम, ही आपली परंपरा आहे. मुलीच एन्जॉय करतात.' मी विचारले, एखादी मुलगी दुखावली तर तिने तक्रार कुणाविरुद्ध करायची? चिठ्ठीवर नाव नाही. वाचणारा म्हणतो मी नुसता वाचला. खोके ठेवणारे म्हणतात आम्ही नुसते ठेवले. सभागृह तर नुसते हसले. सगळ्यांनी मिळून केलेली आणि कुणीच न केलेली अशी ही गोष्ट. उत्तर आले नाही, चहा आला.

'छेडछाड' हा शब्दसुद्धा असाच, ऐकताना गुदगुल्या झाल्यासारखा. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळून मारले गेले. तेव्हा महाराष्ट्र हादरला, आणि 'एकतर्फी प्रेम' असा शब्द वापरून पुन्हा झोपला. कॉलेजच्या फाटकावर घोळका करून उभे राहणे, रोझ डेला नको म्हणणाऱ्या मुलीच्या बाकावर गुलाबांचा ढीग टाकणे, यांत आणि त्या घटनेत अंतर नक्कीच आहे. पण नकार ऐकायची सवय लागू न देणारे शिक्षण कुठे मिळते, एवढे विचारायला हरकत नसावी.

आता पहाऱ्याकडे येऊ. कारण परंपरा मुलांना वाटल्या गेल्या तेव्हा मुलींच्या वाट्याला घड्याळ आले. माझ्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी साडेसातला बंद होई. ग्रंथालय नऊपर्यंत उघडे. म्हणजे रोजचा दीड तास ग्रंथालय फक्त मुलांचे. परीक्षेच्या दिवसांत एकेका पुस्तकाला दहा जणांचे नंबर लागत आणि ती रात्री उशिरापर्यंत कुणाच्या हातात असत, हे सांगायला नको. हा दीड तास तीन वर्षांनी गुणून पाहा! तरी निकालात मुली पुढे असतात, म्हणून लोक म्हणतात, बघा, शिस्तीचा फायदा. विद्यार्थी मंडळाचीही तीच कथा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर निवडणुका बंद झाल्या आणि मुलींची प्रतिनिधी प्राचार्यांच्या पसंतीने येऊ लागली. मी पाहिलेल्या प्रत्येक एल.आर.चे काम ओवाळणीचे तबक धरण्याचे होते.

फाटकावर एक रजिस्टर असे. नाव, खोली, कुठे, कुणाबरोबर, कारण, गेल्याची वेळ, आल्याची वेळ, सही. मला वाटते, विद्यापीठातल्या मुलींचा खरा इतिहास त्या रजिस्टरात आहे, आणि तो वाचायला येणाऱ्याला पुष्कळ काही सांगेल. 'कारण' या रकान्यात आम्ही काय काय लिहिले! लातूरच्या मुलीची मावशी पुण्यात दर शनिवारी आजारी पडे. दातांचे डॉक्टर सहा सहा बैठका देत. एकमेकींच्या सह्या इतक्या सराईत झाल्या होत्या की खरी सही करायला गेले की रेक्टरबाई शंका घेत. त्या मावशीच्या आजारपणात आम्ही नाटके पाहिली, मोर्चाला गेलो, एकीने नोकरीची मुलाखत दिली, एकीने वकिलाला भेटून घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडायचा सल्ला घेतला. रात्री फाटक बंद झाल्यावर गच्चीवर भोंडला होई, आणि त्यात रेक्टरबाईंपासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना गाण्यात बसवले जाई. किटलीत मॅगी शिजे. पाळीच्या दुखण्याच्या गोळ्या, उसने पैसे, नोट्स, रडणे, सगळे खोल्याखोल्यांतून फिरत असे. ही परंपरा नव्हे काय? हिला स्मरणिकेत दोन पाने सोडा, दोन ओळी नाहीत. खोटे बोलायला लावणाऱ्या नियमांविषयी कुणी बोलत नाही, मुली खोटारड्या एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक असते.

त्या मैत्रीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकायची नाही. गच्चीवर सगळ्या सारख्या नव्हत्या. राखीव जागेवरून आलेल्या मुलीला 'तुझं बरंय बाई' हे वाक्य खोलीतली मैत्रीणच ऐकवत होती. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला. त्यानंतर वीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर स्त्रीने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ डॉक्टर स्त्रियांवर ठेवला गेला. 'सिनिअर-ज्युनिअर' ही वैद्यकीय शिक्षणातली मोठी परंपरा मानली जाते. बाईच्या हाती ती आली की ती आपोआप मवाळ होते, या भ्रमात आपल्या संघटनांनी तरी राहू नये.

कुलुपे उघडण्याची सुरुवात मुलींनीच केली आहे. २०१५ मध्ये दिल्लीत 'पिंजरा तोड' सुरू झाले. २०१७ च्या सप्टेंबरात बनारस हिंदू विद्यापीठात एका विद्यार्थिनीवर अतिप्रसंग झाला, तेव्हा तिथल्या मुली फाटकावर बसल्या आणि त्यांनी लाठ्या खाल्ल्या. चंदिगढच्या पंजाब विद्यापीठात २०१८ मध्ये मुलींनी दीर्घकाळ धरणे धरून वसतिगृहावरचे रात्रीचे बंधन हटवून घेतले. या आंदोलनांना 'उच्छृंखल' म्हणणाऱ्यांसाठी सांगते: विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळविरोधी २०१५ च्या नियमांतच लिहिले आहे की सुरक्षिततेचे कारण देऊन मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावता येणार नाहीत. मी ज्या ज्या संस्थेत बैठकीला जाते तिथे हे कलम मोठ्याने वाचून दाखवते. बहुतेक ठिकाणी ते पहिल्यांदाच ऐकले जाते. एका रेक्टरबाईंनी बैठक संपल्यावर मला बाजूला घेतले. म्हणाल्या, 'ताई, फाटक उघडं ठेवायला माझी ना नाही. पण उद्या काही झालं तर पालक मला विचारणार, सरांना नाही.' त्यांचे म्हणणे खोटे नाही. पहारा देणारी बाईही नोकरीवर असते, आणि तिलाही फाटकाच्या आतच राहावे लागते. पगाराची आणि जबाबदारीची ही गोष्ट आपल्या मागण्यांत अजून आलेली नाही.

'म्हणजे तुम्हाला गॅदरिंग, डे, सगळेच बंद पाडायचे आहे का?' हा प्रश्न येणारच, तो आपल्यातल्या काही जणींकडूनही उलट्या बाजूने येतो, की होय, पाडाच बंद! मला ते पटत नाही. नाचायची, गायची, एकमेकांची टर उडवायची भूक मुलींना कमी असते असे मानणे हे रेक्टरच्या घड्याळालाच चावी देणे आहे. टर उडवायची तर नाव लिहून उडवा आणि उलटे उत्तर ऐकायला समोर बसा. आमच्या भोंडल्यात ते होत होते.

स्मरणिका समितीला मी उत्तर धाडले आहे. लेखाऐवजी मुलींच्या वसतिगृहाची जुनी रजिस्टरे पाहायला मागितली. कारकुनांनी फोनवर सांगितले, 'ती दरवर्षी रद्दीत जातात. मुलांच्या जिमखान्याचे ढाल-चषक मात्र सगळे जपले आहेत, ते पाहायला या.'

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे जुने परवानगीचे अर्ज, पालकांच्या सहीची कार्डे, रेक्टरने घरी धाडलेली पत्रे, फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या, गच्चीवरचे फोटो असतील तर त्यांच्या झेरॉक्स अंकाच्या पत्त्यावर पाठवा. नाव छापायचे नसेल तर तसे लिहा. कॉलेज कुठले, साल कुठले आणि फाटक किती वाजता बंद होई, एवढे मात्र नक्की लिहा.