महानदीच्या तंट्यात गाळाचाही हिशेब हवा

रायपूरच्या शंकर नगराच्या पश्चिमेस वाहणारी खारुन शिवनाथला आणि शिवनाथ महानदीला मिळते. छत्तीसगडच्या भातखाचरांतून धुपलेली माती अशी ओडिशातील हिराकूडला पोहोचते. १९५७ साली पूर्ण झालेले, खालच्या त्रिभुज प्रदेशाला पुरापासून वाचवण्यासाठी बांधलेले हे धरण पाण्याबरोबर गाळही अडवते. त्यामुळे पूर सामावून घेण्याची त्याची जागा घटत जाते. तर गाळावरच घडलेला तो त्रिभुज प्रदेश गाळालाच मुकतो. २०१८ पासून दोन राज्ये लवादापुढे उभी आहेत, ती पाण्याच्या वाटणीसाठी. सरकारी नस्तीत गाळासाठी रकाना क्वचितच असतो! पाणलोटातील धूप कोणी रोखायची आणि धरणातून गाळ कधी, किती सोडायचा, हेही याच निवाड्यात ठरावे.