किती टनांचे घ्यावे?

व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन ही अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्ये. लाकूड जाळून घर ऊबदार ठेवणारी कुटुंबे येथे आजही पुष्कळ आहेत. आम्हीही या भागातील एका खेड्यात काही हिवाळे असेच काढले आहेत. अशा घरांच्या खरेदीच्या यादीत कधी ना कधी ओंडके फोडण्याचे हायड्रॉलिक यंत्र येतेच. ते आले, की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी बहुधा एकच प्रश्न असतो : किती टनांचे घ्यावे? यंत्राच्या अंगावर २२, २७, ३७ असे आकडे ठसठशीत रंगवलेले असतात आणि किंमतही त्यांच्याच मागोमाग चढत जाते. आमचे मत असे, की या साऱ्या व्यवहारात टनांचा आकडा अगदी शेवटी पाहावयाचा आहे. तो पहिल्या स्थानी बसल्यामुळे जे प्रश्न खरोखर विचारायला हवेत, ते विचारलेच जात नाहीत.

हा आकडा येतो कोठून? बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व पास्कालने सतराव्या शतकात मांडले. त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट जोसेफ ब्रामाने १७९५ साली इंग्लंडात घेतले. आपले लाकूडफोडे यंत्र याच घराण्यातले. तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ, एवढाच त्याचा हिशेब. चार इंच व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे १२.५७ चौरस इंच भरते. दर चौरस इंचाला ३,००० पौंड दाब धरला, तर बळ होते ३७,७०० पौंड, म्हणजे अमेरिकी हिशेबाने सुमारे १९ टन. व्यास पाच इंच केला, तर तेच बळ साडेएकोणतीस टनांच्या आसपास जाते. आता पाच इंची सिलिंडरच्या यंत्रावर ३७ हा आकडा रंगवलेला असेल, तर त्यातील तेलाचा दाब ३,७०० पौंडांच्याही वर असला पाहिजे. तेवढा दाब पंप, झडप आणि नळ्या यांना नित्य सोसवतो का, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा. शिवाय हा टनही २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा; आपल्या हजार किलोंच्या टनाहून लहान. सिलिंडरचा व्यास आणि दाबाची मर्यादा विचारून कागदावर एक गुणाकार करणे, हा या खरेदीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे.

बळ वाढले म्हणजे काम वाढलेच, असेही नाही. दट्ट्या चोवीस इंच सरकायचा असेल, तर पाच इंची सिलिंडर भरायला दोन गॅलनांहून थोडे अधिक तेल लागते. मिनिटाला ११ गॅलन तेल देणारा पंप त्यासाठी ११ सेकंद घेईल. तोच पंप चार इंची सिलिंडर सुमारे सात सेकंदांत भरतो. म्हणजे पंप तोच ठेवून सिलिंडर मोठा केला, तर यंत्र बलवान होते आणि संथही होते. यावर उतारा म्हणून या यंत्रांत बहुधा दोन टप्प्यांचा पंप असतो. पाचर लाकडाला भिडेपर्यंत तो कमी दाबाने भराभर तेल ढकलतो; लाकडाने विरोध केला, की प्रवाह घटवून दाब वाढवतो. थोडक्यात, पूर्ण बळाची गरज असते ती गाठाळ लाकडाशी झुंज देण्याच्या काही क्षणांपुरतीच. उरलेला दिवस जातो तो दट्ट्याच्या ये-जा करण्यात.

तेव्हा पहिला प्रश्न असावा तो लाकडाचा. सरळ धाग्याचा ॲश नुसत्या कुऱ्हाडीनेही खुशीने दुभंगतो. एल्मचे धागे मात्र एकमेकांत असे गुंतलेले असतात, की पाचर आरपार गेली तरी दोन फाळक्या एकमेकींना सोडायला तयार नसतात. २००२ साली मिशिगनमध्ये पाचूसारख्या हिरव्या रंगाचा एक आशियाई भुंगेरा आढळला. त्यानंतर त्याने उत्तर अमेरिकेतील ॲश वृक्षांचा जो संहार मांडला, त्यामुळे अनेक गावांत सरपणासाठी ॲशचेच लाकूड अधिक हाती येते. ज्याच्या अंगणात बव्हंशी ॲश येऊन पडणार आहे, त्याने ३७ टन विकत घेणे म्हणजे शेवग्याची शेंग मोडायला अडकित्ता आणण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न पाठीचा. वीस इंच व्यासाचा आणि सोळा इंच लांबीचा ओल्या ओकचा ओंडका ८० किलोंच्या आसपास भरतो. तो कमरेइतक्या उंचीच्या तुळईवर चढवायचा कोणी? तुळई उभी करता येईल अशी यंत्रे मिळतात. त्यांत ओंडका जमिनीवरूनच लोटत पाचरीखाली नेता येतो. साठी उलटलेल्या माणसाला ही एक सोय दहा जादा टनांपेक्षा मोलाची आहे.

तिसरा प्रश्न किती लाकूड, हा. आपल्याकडे वखारीत सरपण तोलून मिळते. म्हणून ओले लाकूड विकणारा वखारवाला पाण्याचे पैसे घेतो, ही आपली जुनी तक्रार. अमेरिकेत ते मापून मिळते. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशा रचलेल्या ढिगाला 'कॉर्ड' म्हणतात. रॉबर्ट फ्रॉस्टच्या १९१४ सालच्या 'नॉर्थ ऑफ बॉस्टन' या संग्रहात गोठलेल्या दलदलीत कोणीतरी टाकून गेलेल्या लाकडाच्या ढिगाची एक कविता आहे. त्या ढिगाचे मापही नेमके हेच. जेथे माप असते तेथे फट असते, म्हणून येथील फसवणूक पाण्याची नसून पोकळीची असते : सैल रचलेला ढीग, किंवा 'फेस कॉर्ड' या गोंडस नावाखाली एक तृतीयांश माल. परंतु वजनाने घ्या की मापाने, ओले लाकूड शेवटी छळतेच. आतील ओल वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय ते नीट जळत नाही; धूर करते आणि धुराड्यात काजळी धरते. लाकूड फोडायचे ते मुख्यतः वाळवण्यासाठी, कारण सालीतून ओल फारशी बाहेर पडत नाही, फोडलेल्या अंगातून पडते. फोडलेल्या ओकलाही वाळायला दोन उन्हाळे लागू शकतात. म्हणून हिवाळा तोंडावर आल्यावर यंत्राच्या दुकानी धावणाऱ्यांची कीव येते. यंत्र त्यांचे दोन दिवस वाचवील. दोन उन्हाळे ते कोठून आणील?

चौथा प्रश्न बोटांचा. तो सर्वांत महत्त्वाचा, आणि जाहिरातीत तो सर्वांत बारीक अक्षरांत असतो. युरोपात प्रमाणित यंत्रे अशी असतात, की दोन्ही हात दोन दांड्यांवर असल्याखेरीज पाचर हलत नाही. अमेरिकी यंत्राला बहुधा एकच दांडा असतो, म्हणजे एक हात मोकळा राहतो. एकाने ओंडका धरायचा आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, ही बाप-लेकांना मोठी सोयीची वाटणारी कामाची वाटणी म्हणजे बोटे गमावण्याचा हमरस्ता आहे. लाकूड जो ठेवतो त्यानेच दांडा चालवावा, दुसऱ्याने लांब राहावे. यात सवलत नाही. नळीला सुईच्या अग्राएवढे भोक पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते, आणि ती जखम दिसायला क्षुल्लक पण परिणामाने भयंकर असते. गळती शोधायची ती पुठ्ठा फिरवून. हात फिरवून नव्हे.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग कुऱ्हाडच बरी. कुऱ्हाडीचे काव्य मोठे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नॉर्वेत लार्स मिटिंगचे सरपणावरील पुस्तक २०११ साली निघाले आणि ते हातोहात खपले. २०१३ साली तेथील सरकारी दूरचित्रवाणीने लाकूड फोडणे, रचणे आणि जाळणे यांवर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. परंतु या काव्यात एक जागा नेहमी मोकळी सोडलेली असते : हे काम ज्याला करावेच लागते त्याची. फ्रॉस्टने ती भरली, म्हणून त्याचा मान मोठा. १९३६ च्या 'अ फर्दर रेंज' या संग्रहातील 'टू ट्रॅम्प्स इन मड टाइम' या कवितेत अंगणात आनंदाने ओक फोडणाऱ्या माणसापुढे दोन मजूर येऊन उभे राहतात. त्यांना तेच काम मजुरीसाठी हवे असते. कवितेतील निवेदक त्यांचा हक्क वरचढ मानतो आणि तरीही आपला आनंद सोडवत नाही, अशी ती अडचण आहे.

आम्हा मराठी माणसांना तर ही अडचण अधिकच जवळची. डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तिचे सरपण म्हणजे फांद्या, काटक्या, तुराट्या. ओंडका तिच्या वाट्याला क्वचितच येतो आणि धूर मात्र रोज येतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसच्या जोडण्या घरोघर गेल्या. तरी सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचे पैसे नसले, की चूल पेटतेच. तिच्यापुढे लाकूडफोडीच्या आध्यात्मिक आनंदावर व्याख्यान देण्याचे धैर्य आमच्यात नाही. श्रम वाचवणाऱ्या यंत्राला नावे ठेवण्याचा अधिकार ज्याचे श्रम त्यालाच असावा.

म्हणून आमचा कौल यंत्राच्या बाजूने आहे. मात्र घरटी एक यंत्र, याच्या विरुद्ध आहे. वर्षाला चार-पाच कॉर्ड जाळणाऱ्या घराचे फोडकाम दोन-तीन दिवसांत उरकते. उरलेले वर्ष यंत्र ताडपत्रीखाली उभे राहते, त्यातले पेट्रोल शिळे होऊन कार्बोरेटरात चिकटते आणि पुढच्या वसंतात धनी दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेतो. आपल्याकडे ज्याच्याजवळ एकच बैल तो शेजाऱ्याशी सावड करी. मोठ्या कामाला इर्जिक बोलावली जाई, आणि जेवणावर सारी आळी नांगर घेऊन हजर होई. या यंत्राला त्याच रीतीची गरज आहे. तीन-चार घरांनी मिळून एक मध्यम, पण चांगल्या पंपाचे, उभे-आडवे होणारे यंत्र घ्यावे. नाहीतर दोन दिवसांसाठी भाड्याने आणावे.

'भागीचे घोडे किवणाने मेले' ही म्हण आम्हाला ठाऊक आहे, आणि ती खरीही आहे. परंतु घोडे मेले ते भागीमुळे नव्हे. त्याची जखम पाहणे हे कोणा एकाचे काम नव्हते म्हणून. तेव्हा यंत्र ज्याच्या छपराखाली राहील त्याच्याकडे तेल, गाळणी आणि नळ्यांची देखभाल सोपवावी आणि त्या बदल्यात त्याची वर्गणी कमी ठेवावी. किती तास चालले याची वही ठेवावी. दांडा कोणी चालवायचा आणि मुलांनी कोठवर यायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

यात एक लाभ असा आहे, जो कोणत्याही यंत्राच्या अंगावर रंगवता येणार नाही. खेड्याच्या रस्त्यावर शेवटच्या घरात बहुधा एखादे म्हातारे जोडपे किंवा एकटी बाई राहते. तिला यंत्र परवडत नाही आणि कुऱ्हाड पेलवत नाही. प्रत्येक घराचे यंत्र आपापल्या कुलपात असले, की तिच्या सरपणाचा प्रश्न कोणाचाच राहत नाही. सामाईक यंत्र मात्र एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना तिच्या दारावरून जाते. तेथे ते अर्धा दिवस थांबले, तर फार तर गॅलनभर पेट्रोल जास्त जळेल. तिचा जानेवारी निभेल.