माहेरची होडी



करमाळ्याकडे माहेर असलेल्या एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांचे सासर माणदेशात. शेतात प्लॅस्टिकच्या अस्तराचे शेततळे झाले, त्यात मासे सोडले. पण काठावरून खाद्य टाकले तर ते काठालाच राहते. भावाकडे उजनीच्या फुगवट्यात वापरलेली फायबरची दहा फुटी होडी आहे, ती तो बहिणीला द्यायला निघाला आहे. ताई विचारतात, "साहेब, होडी गाडीवर घालून एवढ्या लांब आणायची, तर काय काळजी घ्यावी?"

ताई, प्रश्न चांगला विचारलात. होडी पाण्यात कशी चालवावी हे भोईबांधवांना सांगावे लागत नाही, पण ती रस्त्यावर आली की भल्याभल्यांचा अंदाज चुकतो.

पहिली गोष्ट, होडी हौद्यात पुरती मावेल अशीच गाडी ठरवा. फाळका पाडून दोन हात बाहेर काढलेली होडी अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून हौद्याबाहेर निघालेल्या मालाला 20,000 रुपये दंडाची तरतूद आहे. लाल फडके बांधले की भागते, ही समजूत सोडून द्या.

दुसरी गोष्ट, होडी पालथी घाला. उताणी घातली आणि वाटेत वळवाने गाठले तर तिचा हौद होतो. हिशेब करून पाहा. तळ आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि त्यात चार इंच पाणी साचले, तर ते सव्वादोनशे लिटर होते. म्हणजे सव्वादोनशे किलो वजन, साखरेची साडेचार पोती! आणि हे पोत्यासारखे एका जागी बसणारे वजन नव्हे. वळणावर सगळे पाणी एका अंगाला धावते आणि गाडीही त्याच अंगाला कलते.

काठाखाली जुनी पोती किंवा टायरची ट्यूब घाला, म्हणजे फायबरला तडा जाणार नाही. दोर दोन आडवे घ्या, शिवाय पुढचे आणि मागचे टोक वेगळे बांधा. नुसते आडवे दोर असले तर ब्रेक लागताच होडी पुढे सरकते. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो, म्हणून चार-पाच किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा. वल्ही आणि खाद्याची डबडी होडीखाली सुटी ठेवू नका. होडीवर माणूस तर मुळीच बसवू नका. शेताच्या वाटेवर विजेच्या तारा लोंबत असतील तर आधी उतरून पाहा, मगच गाडी खालून काढा.

इतके केले की होडी सुखरूप पोहोचेल. पण होडीबरोबर आणखी काय पोहोचेल, हे मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

1996 साली मी नोकरीत नवा होतो. एका गावच्या तळ्यात मासे सोडावेत म्हणून मी गावकऱ्यांच्या मागे लागलो. बोटुकली मिळाली. होडी हवी होती, ती मीच नदीकाठच्या एका भोईदादाकडून मागून आणली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून. पोहोचायला संध्याकाळ झाली. सारा गाव तळ्यावर जमलेला, हातात नारळ. होडीच्या तळाशी चिखल होता, ओले जाळे होते, जाळ्यात चार हिरवी पाने अडकली होती. मी पाहिले, आणि तशीच होडी पाण्यात लोटायला सांगितली.

दुसऱ्या वर्षी तळ्याच्या कडेला जांभळी फुले आली. पोरींनी ती गौरीपुढे मांडली. पुढच्या दिवाळीपर्यंत तळ्यावर हिरवी सतरंजी पसरली. ती जलपर्णी होती. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती ऊब आणि खत मिळाले की दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. खालच्या पाण्यात हवा राहिली नाही. पहाटे मासे तोंड वर काढून तडफडत आणि उजाडता उलटे तरंगत. म्हशी पाण्यात उतरेनात. डास इतके झाले की तळ्याकडच्या आळीत माणसे अंगणात झोपेनात. गावाने दोन उन्हाळे श्रमदान करून तळे उपसले. पाऊस पडला की चिखलातले बी पुन्हा उगवे, कारण हे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते.

त्या तळ्याला डोंगराचे पाणी येत होते आणि वर कुठेही जलपर्णी नव्हती. ती माझ्याच होडीतून आली. गावाने मला बोल लावला नाही, कारण कुणाला ठाऊकच नव्हते. मीही सांगितले नाही. उलट श्रमदानाच्या वेळी जलपर्णीचे तोटे सांगणारे भाषण केले. शेतीची पदवी घेतलेला माणूस मी. चार पाने उचलून फेकायला मला दोन मिनिटेही लागली नसती.

म्हणून ताई, भावाला निरोप द्या. होडी गाडीवर चढवण्याआधी तिथेच, काठापासून दूर चढावर ओढून घ्यावी. बूच काढून पाणी पूर्ण निथळू द्यावे. पाने, मुळ्या, चिखल हाताने खरवडून खड्ड्यात पुरावे. मग होडी, वल्ही, दोर, सगळे स्वच्छ पाण्याने घासून धुवावे. ते पाणी ओढ्याला जाता कामा नये. नंतर निदान पाच-सहा दिवस कडक उन्हात वाळवावी; सांदीकोपऱ्यातही ओल राहू नये. जुने जाळे होडीबरोबर आणूच नका. फुगवट्यातले पाणी आणि त्यातले मासे डब्यातून आणायचा मोहही टाळा, त्यातून माशांचे रोग येतात.

तुमच्याकडे आल्यावर तळावरून हात फिरवा. कुठे खिळा, बोल्ट किंवा तुटका फायबर टोचत असेल तर तो घासून घ्या. नाहीतर 500 मायक्रॉनचे अस्तर फाटायला वेळ लागणार नाही आणि पाणी जमिनीत जाईल. तळ्यात उतरायला गाठी मारलेला दोर काठाला कायमचा बांधून ठेवा, कारण ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. आणि होडीत बसणाऱ्याने, पोहता येत असले तरी, जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. उजनीत 2024 च्या मे महिन्यात वादळी वाऱ्याने होडी उलटली आणि सहा माणसे गेली. तळे लहान असले तरी बुडायला माणसाच्या उंचीइतके पाणी पुरते.

पाच-सहा दिवस उशीर झाला म्हणून मासे उपाशी मरत नाहीत. तोवर काठावर जागा बदलून खाद्य टाका. होडी मात्र कोरडी ठणठणीत झाल्यावरच आणा.

होडी पोहोचली की पत्र टाका. इतर वाचकांनीही आपल्या गावच्या तळ्याच्या कडेला जांभळी फुले दिसतात का, ते या आठवड्यात जाऊन पाहावे. दिसलीच तर बी धरण्याआधी मुळासकट उपटून काठापासून लांब कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. आज ते चार माणसांचे काम आहे, दोन वर्षांनी साऱ्या गावाचे होईल.